मदत हवी आहे : ताप उतरला, सांधे काही सुटेनात

मंडळी, आम्ही देवगडचे. पावसाळ्यात आईला चिकनगुनिया झाला. ताप उतरला, पण अजून सकाळी बोटं आखडतात. नारळ खवणं सोडाच, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरते.

त्यात जहाजावरचा भाऊ ऑस्ट्रेलियाहून आला, त्याचेही घोटे सुजलेत. तिकडे डासांतून रॉस रिव्हर विषाणू पसरतो, तोही सांधे धरतो. (आफ्रिकेत ओन्याँग-न्याँग, दक्षिण अमेरिकेत मायारो, सगळी एकाच कुळातली भावंडं!) मग भावाची नुसती चिकनगुनियाची अँटिबॉडी चाचणी केली तर गल्लत होईल ना? नेमकी कुठली सांगावी?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात संधिवाताचे चांगले डॉक्टर कुणी सुचवेल का? कोल्हापूरचा घाट आईला झेपणार नाही. तेलं-काढे कृपया नकोत, बाटल्यांनी फळी भरलीये.