एकट्याने पब क्विझला जाताना
लंडनमध्ये ओळख नसताना पब क्विझच्या (पबमध्ये टीम करून खेळायच्या प्रश्नमंजुषेच्या) टीममध्ये कसं शिरायचं, असं एकाने विचारलंय. क्विझ आठला असेल तर साडेसातलाच पोचा. उत्तरपत्रिका वाटून झाल्या की सहसा कोणी नवीन माणूस घेत नाही. बारवर क्विझमास्टर कोण ते विचारा, तो कमी माणसांचं टेबल दाखवतो. बऱ्याच ठिकाणी टीमची मर्यादा सहा जणांची, म्हणून तीन-चार जणांची टीम बघा. भाग घेण्याच्या फीसाठी माणशी एक-दोन पाउंड सुटे ठेवा.

जुन्या ब्रिटिश मालिकांत आपण हमखास अडतो. क्रिकेट, राजधान्या पक्क्या असतील तर बसतानाच सांगा, म्हणजे जोकर (ज्या फेरीला लावाल तिचे गुण दुप्पट) कुठल्या फेरीला लावायचा ते ठरतं. उत्तर कुजबुजतच सांगा, शेजारचे कान टवकारून असतात! मोबाईल मात्र खिशातच. नुसता मेसेज बघितला तरी टीम बाद होऊ शकते.