मदत हवी आहे: तीन बोर्डांच्या कॉमन हेडर फाइल्स एकत्र कशा ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमची पाच जणांची टीम आहे, बॅटरी चार्जरचं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) करतो. एका चार्जरमध्ये तीन बोर्ड, मेन कंट्रोलर एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलर चिपवर, डिस्प्ले आणि सेन्सर हे दोन बोर्ड एसटीएम३२एफ१०३ वर, आणि तिघं कॅन बसवर (बोर्डांना जोडणाऱ्या दोन तारांच्या लाइनवर) बोलतात. रेपो (कोड ठेवायच्या जागा) तीन वेगळे. कॅन मेसेजचे स्ट्रक्ट, म्हणजे कुठल्या बाइटला काय ती मांडणी, ज्या हेडरमध्ये (इतर फाइल्स इन्क्लुड करतात ती सामाईक फाइल) आहेत ते हेडर तिन्हीकडे कॉपी करून ठेवलेलं, मला हे आधीपासून खटकत होतं पण डिलिव्हरीच्या गडबडीत राहून गेलं आणि शेवटी अंगाशी आलंच.

झालं असं की आठ बाइटच्या मेसेजमध्ये पाचव्या-सहाव्या बाइटला टेंपरेचर आणि शेवटच्या दोन बाइटला स्टेटस होतं. मेन बोर्डकडून फॉल्ट कोड पाठवायचा होता म्हणून स्टेटस एका बाइटचं केलं, सुटलेला बाइट फॉल्टला दिला, आणि फॉल्ट आणि स्टेटस दोन्ही टेंपरेचरच्या आधी आणले. डिस्प्लेच्या रेपोत हेडर जुनंच राहिलं. आता फॉल्ट ० आणि स्टेटस १ असेल तर जुन्या हिशेबाने डिस्प्लेला तिथे २५६ दिसतात (दोन बाइटच्या आकड्यात दुसऱ्या बाइटचा १ म्हणजे २५६), टेंपरेचर आम्ही दहापट करून पाठवतो, म्हणजे स्क्रीनवर २५.६ डिग्री. आकडा इतका खरा वाटणारा की कुणाला शंकाच आली नाही. हीटसिंकला हात लावला तर चटका बसतोय आणि स्क्रीन मात्र २५.६ वर अडकलेली, दोन दिवस आम्ही टेंपरेचर मोजणारे थर्मिस्टर बदलत बसलो. चार्जरमध्ये टेंपरेचर चुकीचं दिसणं म्हणजे किती गंभीर ते वेगळं सांगायला नको.

त्यानंतर तिन्ही एका रेपोत आणले, वर एक कॉमन फोल्डर केला. आणि आता बिल्डचीच पंचाईत झालीय. प्रत्येक बोर्डाची स्वतःची कॉन्फिग डॉट एच (सेटिंगची हेडर) आहे, नाव सगळीकडे तेच. कॉमनमधला कॅन ड्रायव्हर ती इन्क्लुड करतो, त्यातून त्याला क्यूची (मेसेजच्या रांगेची) साइज मिळते. मेकफाइलमध्ये (बिल्ड कसा करायचा ते सांगणारी फाइल) तीसेक मायनस आय (हेडर कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची ते सांगणारे पर्याय) आहेत आणि कुठली कॉन्फिग उचलली जाते ते त्यांच्या क्रमावर ठरतंय. शिवाय हेडर बदललं तरी त्याच्यावर अवलंबून असलेल्या फाइल्स परत कंपाइल होत नाहीत, सगळे सवयीने मेक क्लीन मारतात, म्हणजे पुसून पहिल्यापासून बिल्ड. एफ४०७ ला एफपीयू (दशांश आकड्यांचं गणित करणारं हार्डवेअर) आहे आणि एफ१०३ चा कोअर कॉर्टेक्स एम३ आहे, त्यात ते नाही, त्यामुळे कॉमनची एकच लायब्ररी बिल्ड करून तिन्हीकडे लिंक करता येणार नाही हे कळतंय. मग हाताने लिहिलेली मेकफाइल सोडून सीमेकवर (बिल्डच्या फाइल्स तयार करून देणारं टूल) जाऊ का? आणि कॉमन कोडला बोर्डाची कॉन्फिग द्यायची कशी? कुणी अशी रचना केली असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

आधी एक बघा, कॉमन फोल्डरमध्ये कुणी नमुन्याची कॉन्फिग डॉट एच ठेवलीय का? डबल कोटमधलं इन्क्लुड असेल तर जीसीसी कंपाइलर आधी इन्क्लुड करणाऱ्या फाइलच्याच फोल्डरमध्ये शोधतो, तिथे सापडली तर तुमच्या मायनस आयचा क्रम कामालाच येत नाही. कंपाइल करताना मायनस कॅपिटल एच द्या, कुठली हेडर कुठून आली ती यादी छापतो. इन्क्लुड गार्डची (हेडर दोनदा वाचली जाऊ नये म्हणून टाकलेली खूण) नावंपण तपासा, दोन वेगळ्या फाइल्सचा गार्ड एकच असेल तर दुसरी गुपचूप रिकामी जाते, एररसुद्धा येत नाही.

क्लीनचा त्रास मायनस एमएमडी आणि मायनस एमपी या कंपाइलरच्या पर्यायांनी जाईल, कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून ते लिहून ठेवतात, फक्त तयार झालेल्या डॉट डी फाइल्स मेकफाइलमध्ये इन्क्लुड करायला विसरू नका. त्यासाठी सीमेक लागत नाही.

तरी तीन टार्गेट आहेत तर सीमेकवर जाच. कॉन्फिगसाठी प्रत्येक बोर्डाची एक इंटरफेस लायब्ररी करा, तिच्यात कोड नाही, नुसता इन्क्लुडचा पाथ. कॉमनचे सोर्स प्रत्येक बोर्डाच्या फ्लॅग्सने वेगळे कंपाइल होऊ द्या. फ्रीआरटॉस या छोट्या चिपवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असंच असतं बघा, कर्नल सगळ्यांचा एक पण फ्रीआरटॉसकॉन्फिग डॉट एच आपल्या प्रोजेक्टने द्यायची. कॉमनची जी हेडर दुसऱ्यांनी वापरायची तेवढीच पब्लिक, बाकी प्रायव्हेट. आणि मायनस आय फक्त वरच्या फोल्डरला देऊन इन्क्लुडमध्ये फोल्डरचं नाव लिहायचं, म्हणजे नुसतं वाचून कळतं फाइल कुणाची आहे ते.

धागाकर्ता:

खूप आभार! कॉमनमध्ये खरंच एक नमुना पडलेला निघाला, डिस्प्ले बोर्ड इतके दिवस त्याच्यावर बिल्ड होत होता. काढून टाकला. कॉन्फिगचं नावपण बोर्डप्रमाणे बदलतोय. मेसेजच्या हेडरमध्ये आता प्रत्येक फील्डसाठी स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच होणारी तपासणी) टाकलाय, ऑफसेटऑफ (फील्ड कितव्या बाइटला आहे) वापरून, कारण नुसता साइजऑफ (एकूण बाइट किती) तपासला असता तर आमची चूक सापडलीच नसती, स्ट्रक्ट आधीही आठ बाइटचं होतं आणि नंतरही आठच.

एक अडलंय. ग्राहकांकडच्या जुन्या चार्जरमध्ये दुरुस्तीला डिस्प्ले बदलला तर नवीन डिस्प्ले आणि जुना मेन बोर्ड एकत्र येणार, तिथे कंपाइलरचा असर्ट काय करणार? आठही बाइट भरलेत, व्हर्जन नंबर टाकायला जागा नाही. पॉवर-ऑनला व्हर्जनचा वेगळा मेसेज पाठवायचा, आणि जुळला नाही तर टेंपरेचरच्या जागी नुसत्या रेघा दाखवायच्या असा विचार आहे. असं कुणी केलंय का?