मदत हवी आहे: ब्लाइंड बॉक्स, पॉप आणि जुने फनस्कूल एकाच दुर्मिळता-यादीत कसे बसवायचे? (नागपूर)

संत्रानगरी_शेल्फ
नमस्कार मंडळी. धरमपेठ, सदर आणि महालकडचे आम्ही काही जण अदलाबदलीसाठी एक सामायिक एक्सेल यादी बनवून राहिलो आहोत. माल मिश्र आहे: लाबूबूसारखे ब्लाइंड बॉक्स (आत कोणता प्रकार आहे ते उघडल्यावरच कळतं), बेअरब्रिक (अस्वलाच्या आकृत्या), फन्को पॉप (मोठ्या डोक्याच्या आकृत्या) आणि जुने फनस्कूलचे जी. आय. जो. (सैनिक बाहुले). प्रत्येक नगासमोर दुर्मिळतेचा १ ते १० असा एक आकडा टाकायचं ठरलंय, पण गाडी तिथेच अडली आहे.

१. कुठे १/७२ (७२ डब्यांत एक) छापलंय, कुठे १/१४४, बेअरब्रिकवर टक्के, पॉपवर नुसतं 'चेस'चं (त्याच आकृतीचा कमी निघणारा प्रकार) स्टिकर. १/१४४ला १/७२च्या दुप्पट गुण द्यायचे का?
२. फनस्कूलवर प्रमाण छापलेलंच नाही. त्याचं काय?
३. डबा दबला असेल तर याच आकड्यातून गुण कापायचे का? एएफए (खेळण्यांची अवस्था तपासून ग्रेड देणारी संस्था) ८५ वगैरे ग्रेड यातच धरायची का?
४. सीताबर्डीत एका दुकानात 'आर-८ अल्ट्रा रेअर' अशी चिठ्ठी लावलेला नग आहे. त्या आर-८ला काही अर्थ असतो का?

खसताटी
दुप्पट गुण मुळीच देऊ नका. छापलेलं प्रमाण नेहमी 'कशातलं' ते आधी बघायचं.

लाबूबूच्या बऱ्याच सिरीजमध्ये नेहमीचे ६ प्रकार आणि १ सीक्रेट (क्वचित निघणारा लपवलेला प्रकार) असतो, सीक्रेटचं प्रमाण १/७२. सीलबंद संच ६ डब्यांचा. म्हणजे ७२ डबे = १२ संच, आणि सरासरी १२ संचांमागे एक सीक्रेट. पॉप मार्टच्या (लाबूबू काढणारी कंपनी) १२ प्रकारांच्या सिरीजमध्ये सीक्रेट १/१४४ असतो, पण तिथे संचही १२ डब्यांचा. १४४ भागिले १२, परत १२ संचच.

आता नेहमीच्या एका प्रकाराशी तुलना करा. पहिल्या सिरीजमध्ये ७२ डब्यांत सीक्रेट १ आणि उरलेले ७१ डबे ६ प्रकारांत, म्हणजे प्रत्येकी ११.८. दुसरीत १४३ डबे १२ प्रकारांत, प्रत्येकी ११.९. दोन्ही सीक्रेट आपापल्या सिरीजमध्ये नेहमीच्या नगापेक्षा साधारण १२ पट दुर्मिळ. तुमच्या यादीत हाच रकाना ठेवा: 'सिरीजमधल्या नेहमीच्या एका नगापेक्षा किती पट दुर्मिळ'. १ ते १०च्या मापापेक्षा हे प्रामाणिक आहे, आणि कोणालाही पडताळून पाहता येतं.

एकूण किती संच निघाले हे मात्र या प्रमाणातून कळत नाही. लाख संच काढले तरी १/७२च, पाच हजार काढले तरी १/७२च. म्हणून दोन वेगवेगळ्या सिरीजचे सीक्रेट 'सारखेच दुर्मिळ' असंही लिहू नका.

आणखी एक गैरसमज इथेच मोडतो. ७२ सुटे डबे घेतले की एक सीक्रेट निघणारच, असं नसतं. प्रत्येक डबा वेगळ्या संचातला धरला तर ७२ डब्यांत निदान एक निघण्याची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास, १२ डब्यांत जेमतेम १५ टक्के. नुसता नेहमीचा ६ चा सेट सुट्या डब्यांतून जमवायचा तर सरासरी १४-१५ डबे लागतात, १२ चा जमवायला ३७ च्या घरात. सीलबंद संचात सहसा दुबार येत नाही. सीक्रेट निघाला तर तो एखाद्याची जागा घेतो. फोडलेल्या संचातले उरलेले डबे काउंटरवर असतील तर छापील प्रमाण विसरा. वजन करून, हलवून आधीच निवडलेला माल असू शकतो.

डबाबंद
बेअरब्रिकचे टक्के वाचताना भलेभले फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एका केसमध्ये (बंद खोक्यात) २४ डबे असतात आणि टक्के ९६ डब्यांवर, म्हणजे ४ केसवर बसवलेले असतात. १४.५८% म्हणजे ९६ पैकी १४, ९.३७% म्हणजे ९, ८.३३% म्हणजे ८. त्यामुळे १.०४% दिसलं की ९६ पैकी १, आणि ०.५२% दिसलं की १९२ पैकी १ असं थेट वाचा.

खरी मेख 'बेसिक' या गटात आहे. बेसिकवर १४.५८% दिसतं, म्हणून तो सगळ्यांत साधा वाटतो. पण बेसिकमध्ये ब्रँडच्या नावातली अक्षरं छातीवर असलेले ९ अस्वल असतात. १४.५८ला ९ ने भागा, एकेकाच्या वाट्याला १.६२% येतात. उलट हॉरर गटात ९.३७%चा एकच अस्वल असेल, तर तो बेसिकच्या एकट्या अक्षरापेक्षा जवळपास सहापट सहज मिळतो! तेव्हा यादीत गटाचे टक्के लिहू नका. गटात किती डिझाइन आहेत त्याने भागून एका नगाचे टक्के लिहा.

आणि १००%, ४००%, १०००% हा उंचीचा आकडा आहे: ७, २८ आणि ७० सेंटीमीटर. दुर्मिळतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'हजार टक्के रेअर' म्हणून विकणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.

महाल_मिंट
पॉपबद्दल. चेसचं आजकालचं नेहमीचं प्रमाण ६ मध्ये १. जुन्या काही चेसचं ३६ मध्ये १ होतं. तेव्हा नुसतं 'चेस' लिहू नका, वर्ष आणि प्रमाण दोन्ही लिहा. पटीत मांडलं तर ६ मध्ये १ म्हणजे ५ पट. लाबूबूच्या सीक्रेटजवळही जात नाही तो.

स्टिकरवर विसंबू नका. साध्या पॉपच्या डब्यावर चेसचं स्टिकर चिकटवणं हा जुना धंदा आहे. आधी खिडकीतून आतली आकृती चेसची आहे का ते बघा: वेगळा रंग, वेगळी पोज, चमकणारं किंवा अंधारात उजळणारं प्लॅस्टिक. मग डब्याच्या तळाचा प्रॉडक्शन कोड आणि आकृतीच्या पायावरचा किंवा मानेवरचा कोड जुळवा. स्टिकरच्या कडेला कागद उचकटल्याची खूण असेल तर सौदा तिथेच थांबवा.

कन्व्हेन्शनच्या (चाहत्यांच्या मेळाव्यांच्या) मालात एकच आकृती दोन स्टिकरांनी येते, एक प्रत्यक्ष कार्यक्रमातलं आणि एक दुकानांत वाटलेलं. आकृती तीच, त्यामुळे यादीत नोंद एकच आणि 'स्टिकर' वेगळा रकाना. '४८० पीसेस' असं संख्येसकट छापलेलं असेल तर तो आकडा जसाच्या तसा लिहा. अख्ख्या यादीत एकूण उत्पादन सांगणारी हीच एक गोष्ट असेल. 'व्हॉल्टेड' म्हणजे उत्पादन थांबवलंय एवढंच. कंपनी परत काढू शकते.

लाबूबूत नकली सीक्रेट फार आहेत. दात मोजा, खऱ्याला ९ असतात. डब्यावरचा क्यूआर खरवडून कंपनीच्याच पानावर जातो का बघा. मात्र दात ९ आहेत म्हणून खरा, असं उलटं धरू नका.

खसताटी
फनस्कूलवाल्या भावांना उत्तर राहिलं. तिथे प्रमाण नाही, म्हणून रकान्यात 'छापील आकडा नाही' असं सरळ लिहा. अंदाजाने ८ किंवा ९ टाकलात की पुढच्या वर्षी तोच आकडा पुरावा म्हणून फिरायला लागेल.

त्याऐवजी प्रकार नीट नोंदवा. साचे हॅस्ब्रोचे (जी. आय. जो.ची मूळ अमेरिकी कंपनी) असले तरी इथल्या रंगांत फरक पडत गेला, आणि परदेशातले संग्राहक त्या फरकासाठीच भारतीय माल शोधतात. शर्ट, पँट, केस, प्रत्येकाचा रंग वेगळा लिहा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. पिवळ्या बल्बखाली ऑलिव्ह आणि तपकिरी एकच दिसतात. पाठीवरचं वर्ष साच्याचं असतं, नग कधी बनला त्याचं नाही. कार्ड असेल तर त्यावरची छापील किंमत आणि मागची बाजू नोंदवा, काळ ठरवायला तीच उपयोगी.

अंगठे आणि मांड्यांमधला जोड तपासा, आधी तुटतं ते तिथेच. कंबरेतला काळा रबरी ओ-रिंग उन्हाळ्यात कडक होऊन तुटतो. पाठीचा स्क्रू काढून नवा बसवता येतो, पण 'ओ-रिंग बदलला' हे लिहायचं.

आर-८चं माप नाण्यांकडून आलंय. शेल्डनच्या मापात आर-८ म्हणजे जगात १ ते ३ नगच माहीत असलेलं नाणं, आर-७ म्हणजे ४ ते १२. हे माप उरलेले नग मोजतं, डब्यातून निघण्याची शक्यता नाही. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या आकृतीवर आर-८ची चिठ्ठी म्हणजे शोभेची पताका.

डबाबंद
तिसरा प्रश्न: नाही, अवस्था वेगळीच ठेवा. एएफएची ग्रेड १०० पैकी असते आणि ती फक्त अवस्था सांगते. कार्डवरच्या नगाला सी, बी, एफ असे उपगुण मिळतात, म्हणजे कार्ड, बबल (नगावरचं पारदर्शक प्लॅस्टिक) आणि फिगर. रोज विकली जाणारी आकृतीही ९० मिळवू शकते, आणि एकमेव उरलेला नग ७०वर अडू शकतो. दोन्ही मिसळून एक आकडा केला की अदलाबदलीत भांडण ठरलेलं.

चौथा रकाना 'नागपुरात मिळतो का' असा ठेवा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २०वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राचा नियम. इथे दिसत नाही म्हणून दुर्मिळ, असं नसतं. कधी तो नुसता महाग पडतो म्हणून कोणी आणत नाही.

संत्रानगरी_शेल्फ
खूप आभार. म्हणजे रकाने चार: पट, स्टिकर किंवा प्रकार, अवस्था, स्थानिक उपलब्धता. एक शेवटचं: अवस्था टिकवायची कशी? मे महिन्यात खोलीत कूलर चालतो, आणि कार्डं वाकून राहिली आहेत.

महाल_मिंट
कूलरच कारण आहे. खसच्या ताट्यांतून ओली हवा येते, कार्डाचा पुठ्ठा एका बाजूने पाणी पितो आणि वाकतो. बबलचा गोंदही सुटतो. नग कूलरच्या खोलीतून हलवा. ते जमत नसेल तर झाकणाच्या डब्यात ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नारंगी दाणे हिरवट झाले की कढईत मंद आचेवर वाळवून परत वापरता येतात. ती कढई मग स्वयंपाकाला नको. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट टाळा, दुपारनंतर ते तापतं.

पॉपचे प्रोटेक्टर ०.५ मि.मी.चे पीईटीचे घ्या. मऊ पीव्हीसीची पिशवी नको, तिच्यातलं तेलकट द्रव्य आकृतीवर उतरतं. वाकलेलं कार्ड वजनाखाली दाबून सरळ करायला जाऊ नका, बबल चिरतो. ओलावा गेला की बरंचसं आपसूक सरळ होतं; जे राहील ते अवस्थेच्या रकान्यात लिहा.