मदत हवी आहे: १२ बिटांच्या स्थिरांकात ४०९५ स्वीकारावा का?

रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेच्या ३२-बिट सूचनासंचासाठी मी छोटा असेम्ब्लर (शब्दांत लिहिलेल्या सूचना यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्रॅम) लिहीत आहे. ‘अ‍ॅडआय’, ‘अँडआय’ (अनुक्रमे बेरीज आणि बिटनिहाय ‘अँड’) यांसारख्या सूचनांतील स्थिरांकाला १२ बिट मिळतात आणि प्रोसेसर त्याचा चिन्हविस्तार करतो (सर्वांत वरचा बिट पुढच्या सर्व बिटांत भरून ३२ बिट करतो), म्हणून सध्या मी -२०४८ ते २०४७ या मर्यादेबाहेरचे सर्व काही नाकारतो. अडचण हेक्समधील एफएफएफची, म्हणजे ४०९५ची आहे: तो निमूटपणे -१ म्हणून भरला, तर खालचे १२ बिट वेगळे काढू पाहणाऱ्याचे ३२ही बिट जसेच्या तसे राहतात, आणि अशी चूक शोधणे फार जिकिरीचे असते. ‘एलआय’चा (कोणताही स्थिरांक रजिस्टरमध्ये भरण्यासाठीच्या सोयीच्या सूचनेचा) प्रश्न नाही, तिथे वरचा भाग (‘एलयूआय’ने भरले जाणारे २० बिट) गरजेनुसार एकने वाढवून ‘एलयूआय’-‘अ‍ॅडआय’ची जोडी नीट बनते. मात्र साध्या सूचनेच्या जागी परस्पर दोन सूचना घालायच्या नाहीत. मग बिटनमुना म्हणून मुद्दाम एफएफएफ लिहिणाऱ्यासाठी केवळ इशारा देऊन तो स्वीकारावा, की -१ लिहिण्याचीच सक्ती करावी?