बेस नाही? आधी टिप्स बदलून बघा

बेस पातळ आहे म्हणून इअरफोन परत करायला निघालात, पण आधी मोठ्या मापाच्या रबरी टिप्स लावून बघा. कानात फट राहिली की खालचे सूरच आधी गळतात आणि खापर ड्रायव्हरवर, म्हणजे इअरफोनमधल्या छोट्या स्पीकरवर, फुटतं. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागते, उजव्याला मोठी! एलडॅक या ब्लूटूथ कोडेकच्या (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीच्या) ९९० केबीपीएस वेगाला भुलू नका. आयफोनवर तो कोडेक चालतच नाही. कॉलवर आवाज डबडा होतो तो बहुतेकदा माइक सुरू होताच ब्लूटूथ कमी दर्जाच्या मोडमध्ये जातं म्हणून.

आराम मात्र १० मिनिटांत कळत नाही. मी दीड तास सलग घालतो, मधे काहीतरी चावत राहतो. जबडा हलला की सैल होणारे लगेच उघडे पडतात.