मदत हवी आहे: बाबांच्या पित्तनलिकेत स्टेंट घातलाय, खडे मात्र अजून आतच आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंडला राहतो. माझे बाबा ६९ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आणि गेल्या गणपतीच्या आसपास ॲन्जिओप्लास्टी झालेली. या महिन्यात उजव्या बरगडीखाली जोरात दुखायला लागलं, डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी, आणि एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. लगेच ॲडमिट केलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि पित्तनलिका फुगलेली दिसली. एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) केल्यावर नलिकेतही दोन खडे दिसले, मोठा १२ मिमीचा. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक) ९ च्या वर गेलं होतं.

गॅस्ट्रोच्या (पोटविकाराच्या) डॉक्टरांनी समजावलं की नलिकेत पित्त तुंबून जंतुसंसर्ग झालाय, आधी ते मोकळं करायला हवं. ईआरसीपी केली. म्हणजे तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेऊन तिथल्या नलिकेच्या तोंडातून आत शिरायचं. खडा काढायचा तर ते तोंड थोडं कापून मोठं करावं लागतं. बाबांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, त्यामुळे कापल्यावर रक्तस्राव होण्याची भीती होती. म्हणून या वेळी न कापता फक्त प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, घातला. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, लघवीचा रंग निवळायला लागला. आता घरी आहेत, बिलिरुबिन ४ वर आलंय.

डॉक्टरांवर पूर्ण विश्वास आहे, पण ओपीडीत आमच्यामागे इतकी माणसं असतात की अर्धे प्रश्न मनातच राहतात. दुसऱ्या ईआरसीपीसाठी क्लोपिडोग्रेल थांबवावं लागेल म्हणाले. हृदयातल्या स्टेंटला त्याने धोका नाही का? पित्ताशयही काढायला सांगितलंय. बाबा म्हणतात, "दुखायचं थांबलं, कावीळ उतरतेय, आता कशाला पोट फाडायचं?" माझी आत्या गावाकडच्या काविळीच्या औषधासाठी मागे लागलीय. आणि अशक्तपणा फार आहे, दोन घास खाऊन ताट सरकवतात. घरी नेमकं कशाकडे लक्ष ठेवू? ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी कृपया लिहा.

– मुलुंडची लेक

प्रतिसाद: परळकर सिस्टर

ताई, बरीच वर्षं गॅस्ट्रो वॉर्डात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी स्टेंटचं. ज्यांच्या हृदयात आधीच स्टेंट आहे, ते पित्ताचा स्टेंटही कायमचा धरून चालतात. तसं नाही. हा प्लास्टिकचा स्टेंट काही आठवड्यांत आतून गाळाने तुंबायला लागतो. साधारण ३ महिन्यांच्या आत तो काढायचा किंवा बदलायचा असतो. बरं वाटतंय म्हणून पेशंट येत नाहीत आणि पुढे त्याच हुडहुडीने, आधीपेक्षा वाईट अवस्थेत येतात. डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख नसेल तर लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये टाका.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण ते थांबवायचं की नाही हे ठरवणार हृदयाचे डॉक्टर. ॲन्जिओप्लास्टी कधी झाली, कुठल्या प्रकारचा स्टेंट आहे, यावर ते अवलंबून असतं. सध्या थांबवणं बरं नाही असं ते म्हणाले, तर हा प्लास्टिकचा स्टेंट तेवढा अवधी मिळवून देतो, गरज पडली तर बदलताही येतो. ॲन्जिओप्लास्टीची फाइल घेऊन त्यांना भेटा आणि त्यांचं मत कागदावर घेऊन गॅस्ट्रोकडे जा. घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका. गोळी पुन्हा कधी सुरू करायची, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. हे विचारायचं हमखास राहून जातं.

हुडहुडी भरून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले किंवा आधीचं दुखणं परत आलं, तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जा. दुसऱ्या ईआरसीपीनंतर दोन गोष्टी जपा. पोटात असह्य दुखून पाठीत कळ जाणं, उलट्या होणं, हे स्वादुपिंडाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. १०० पैकी साधारण ३ ते १० जणांना ती येते, बहुतेकांना सौम्य, आणि ती टाळायला गुदद्वारातून औषधाची कांडीही देतात. दुसरं म्हणजे काळी, डांबरासारखी शौच. कापलेल्या जागेतून रक्त गेलं तर ती तशी होते, आणि कधी कधी हे काही दिवसांनी होतं.

प्रतिसाद: गिरगावचा भाऊ

माझ्या आईची ईआरसीपी केईएमला झाली होती, नंतर पित्ताशयही तिथेच काढलं. तुमच्या बाबांसारखीच ती म्हणायची, खडा निघाला ना, मग आता कशाला. डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, खडे तयार कुठे होतात?" ते पित्ताशयात होतात आणि तिथून घरंगळून नलिकेत येतात. नलिका साफ केली तरी पित्ताशयातले खडे तसेच राहतात. म्हणून नलिका साफ झाल्यावर शक्यतो २ आठवड्यांत पित्ताशय काढावं असं सांगतात. तुमच्याकडे हृदयाच्या गोळ्यांमुळे तारीख पुढेमागे होईल, पण "बघू दिवाळीनंतर" असं नको. आणि पोट फाडत नाहीत हो, बहुतेकदा चार लहान छिद्रांतून होतं. हे बाबांना तुमच्याऐवजी सर्जनने सांगितलं तर ते ऐकतील, आमच्याकडे तसंच झालं.

खर्चाचा प्रश्न असेल तर केईएम, सायन, नायर इथे गॅस्ट्रोचे विभाग आहेत, थोडं थांबावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.

प्रतिसाद: परळकर सिस्टर

आत्यांच्या औषधाबद्दल लिहायचं राहिलं. ही कावीळ नलिका अडल्यामुळे झालीय, झाडपाल्याने अडलेला खडा निघत नाही. त्यात यकृत आधीच थकलेलं, वर क्लोपिडोग्रेल आणि मधुमेहाच्या गोळ्या. अनोळखी औषध देऊच नका. उसाचा रस पण नको, साखर भडकेल.

जेवणाला ताट भरून वाढूच नका. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या: मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, ताक, दुधीची भाजी, अंड्याचा पांढरा भाग. तळलेलं आणि साय काही दिवस बाजूला. भूक कमी असताना मधुमेहाच्या गोळीने साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून घरी साखर तपासत राहा आणि डोस डॉक्टरांना विचारा. अशक्तपणा जायला काही आठवडे लागतात. बिलिरुबिन हळूहळूच उतरतं, ते खाली येत राहतंय का हे पाहायचं.

प्रतिसाद: मुलुंडची लेक

सिस्टर, भाऊ, मनापासून आभार. कार्ड काढून बघितलं, स्टेंटची तारीख खरंच लिहिलेली नाही. हृदयाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय, तिथून कागद घेऊन गॅस्ट्रो ओपीडीत जाईन आणि बाबांना सर्जनसमोर बसवते. अजून एक विचारायचं होतं: रात्री अंगाला फार खाज येते त्यांना, झोप लागत नाही. हे काविळीमुळेच का?

प्रतिसाद: परळकर सिस्टर

हो, पित्त साचल्याने येते, बिलिरुबिन उतरेल तशी कमी होईल. कोमट पाण्याने आंघोळ, अंगाला खोबरेल तेल, सुती कपडे आणि नखं कापलेली ठेवा. खाज कमी न होता वाढली, तर मात्र स्टेंट तुंबला नाही ना हे बघायला हवं, सोमवारपर्यंत थांबू नका.