मदत हवी आहे: दोन घटना एकत्र आल्या की पोरं अडकतात, संभाव्यता कशी शिकवू?

खडूवाला_लालबाग
नमस्कार. उद्या संध्याकाळी परत वर्ग आहे म्हणून घाईत लिहितोय, कोणी शिकवत असाल तर प्लीज पटकन सांगा. आमच्या मंडळाच्या खोलीत मी मुलांचं गणित घेतो. एक नाणं, एक फासा इथपर्यंत गाडी नीट चालते, दोन घटना एकत्र आल्या की सगळं कोलमडतं. साधं गणित दिलं, पिशवीत ३ लाल २ निळे चेंडू, दोन काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती. वर्गात तीन उत्तरं आली, ९/२५, ३/१० आणि २/५, आणि कोणीच आपलं सोडायला तयार नाही. फळ्यावर सविस्तर मांडायला लागलो तर म्हणतात सर 'आणि' आलं की गुणायचं, 'किंवा' आलं की मिळवायचं, एवढंच आहे ना, तुम्ही लांबण कशाला लावता. सूत्र सगळ्यांना पाठ आहे, कुठे लावायचं ते एकालाही कळत नाहीये. हे डोक्यात कसं उतरवायचं?

आकडेमोड
पहिला चेंडू परत पिशवीत टाकला की नाही? ते लिहिलंच नाहीत. आणि कितवीची मुलं?

भांडुपची_बाई
+१. बोर्ड कुठलं, मराठी माध्यम की सेमी, तेही सांगा सर. त्यावर बरंच अवलंबून आहे.

खडूवाला_लालबाग
अहो परत कशाला टाकेल, दोन काढले म्हणजे दोन हातात आहेत ना. दहावी, स्टेट बोर्ड. थोडे मराठी थोडे सेमी.

आकडेमोड
तुमच्यासाठी ते उघड आहे, पोरांसाठी नाही. ९/२५ वाल्याने ३/५ गुणिले ३/५ केलंय, म्हणजे त्याच्या डोक्यात चेंडू परत गेला. त्याने गणित बरोबर सोडवलंय, फक्त दुसरं गणित सोडवलंय. परत न ठेवता काढले तर ३/५ गुणिले २/४ म्हणजे ३/१०. आधी प्रश्न नीट लिहा, अर्धं भांडण तिथेच मिटेल. पण २/५ कुठून आलं ते कळत नाहीये, त्या मुलाची वही बघून सांगाल का? मला वाटतं खरी गोष्ट तिथे आहे.

मार्कमास्तर
सर, मी बरीच वर्षं दहावीच्या बॅचेस घेतो. दहावीला गुणाकाराचा नियम नाहीच आहे! भाग १ चं पाचवं प्रकरण काढून बघा. नमुना अवकाश एस, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहायचा, एन ऑफ एस म्हणजे त्यांची संख्या लिहायची, घटना ए लिहायची, एन ऑफ ए म्हणजे तिच्यातल्या शक्यतांची संख्या, एन ऑफ ए भागिले एन ऑफ एस, संपलं. स्टेप्सचे मार्क असतात, मुलांनी एस नीट लिहिला तर मार्क जातच नाहीत. तुम्ही उगाच अकरावीचं दहावीत आणताय आणि मुलं गोंधळतायत. दोन नाणी ४, दोन फासे ३६, पत्ते ५२ एवढं पाठ करून घ्या.

भांडुपची_बाई
पाठ करून घ्या म्हणूनच तर ही अवस्था आहे मास्तर. दोन नाण्यांना ४ का, हे विचारून बघा एकदा तुमच्या बॅचमधे. माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी म्हणतंच की बाई तीनच शक्यता आहेत, दोन्ही छापे, दोन्ही काटे आणि एकेक, मग प्रत्येकी १/३. हे मूल ढ नाहीये, ते विचार करतंय. त्याला '४ लिही' म्हणून गप्प बसवलं की त्याचा या धड्यावरचा विश्वास उडतो.

मार्कमास्तर
बाई विश्वास वगैरे ठीक आहे, पेपर तीन महिन्यांवर आहे. मी पण समजावतो, पण आधी पद्धत हातात बसली पाहिजे, समज मागून येते.

हार्बरवाला
मी शिक्षक नाही पण माझं मत सांगतो. स्वतंत्र घटना, म्हणजे एक घडल्याने दुसरीची शक्यता बदलत नाही अशा, शिकवायला पुस्तकातले चेंडू कशाला, आपली लोकल आहे की. समजा सेंट्रल लेट असण्याची संभाव्यता १/५, हार्बर लेट असण्याची १/४. दोन्ही लेट असण्याची किती? 'आणि' वालं पोरगं लगेच म्हणेल १/२०. मग विचारा, जुलैत सायन कुर्ल्याला रुळावर पाणी आलं तर? दोन्ही लाईन कुर्ल्यावरूनच जातात, एकच पाऊस दोघींना धरतो. पहिली लेट आहे हे कळलं की दुसरी लेट असण्याची शक्यता वाढते, मग सरळ गुणायचं कसं? आमच्या घरी भाच्याला हे एका मिनिटात कळलं.

आकडेमोड
हे उदाहरण चांगलं आहे. फक्त आकडे गृहीत धरलेत हे मुलांना स्पष्ट सांगा. आणि खरा आकडा १/२० पेक्षा जास्त असेल एवढंच यातून कळतं, किती जास्त ते कळत नाही.

अण्णा_गिरगाव
आमच्या वेळी पत्ते कुटूनच हे सगळं आलं. मेंढीकोट खेळणाऱ्याला कोणाकडे किती हुकूम उरले असतील ते आपोआप कळायचं. पत्त्यांवरून शिकवा. आणि महाभारतात वनपर्वात नलाची गोष्ट आहे, ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते सांगतो, आणि नलाला फाशांची विद्या देऊन त्याच्याकडून घोड्यांची विद्या घेतो. मोजणं आणि फासे या दोन गोष्टी आपल्याकडे तेव्हापासून एकत्र आहेत, मुलांना हे कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

भांडुपची_बाई
अण्णा गोष्ट सुंदर आहे, मी वर्गात सांगणार. पण पत्त्यांची अडचण अशी की आताच्या मुलांना किलवर इस्पिक माहीतच नसतं. चित्रांचे पत्ते किती विचारलं की अर्ध्यांना एक्का पण त्यात धरायचा असतो. पुस्तकाने गृहीत धरलंय की घरात कॅट असतो. आणि एकदा मी कॅट वर्गात नेला तर एका पालकांनी आक्षेप घेतला. आता ५२ चिठ्ठ्या करते.

पालक_बोरिवली
माझी मुलगी आठवीत आहे, सीबीएसई. नववीला स्टेट बोर्डात टाकावं का? गणित कुठलं सोपं पडतं?

मार्कमास्तर
ताई वेगळा धागा काढा, सांगतो.

खडूवाला_लालबाग
ते बोर्डाचं प्लीज इथे नको. २/५ वाल्या मुलीकडून वहीचा फोटो मागवला. ती अकरावी कॉमर्सची आहे, वर्गात दोघी तिघी अकरावीच्या पण बसतात. तिने चेंडूंना ला१, ला२, ला३, नि१, नि२ अशी नावं दिलीत आणि जोड्या लिहिल्यात. एकूण १५, त्यातल्या लाल लाल ६. म्हणून ६/१५, म्हणजे २/५. मांडणी इतकी व्यवस्थित आहे की मलाच क्षणभर उत्तर सापडेना. आणि खाली तिने लिहिलंय, सर क्रम धरून २० जोड्या केल्या काय आणि न धरता १० केल्या काय, तुमचं उत्तर ३/१० च येतं, मग माझ्या पद्धतीत काय बिघडलं?

आकडेमोड
अकरावीची पण मुलं आहेत हे आत्ता सांगताय! असो. या मुलीला शाबासकी द्या, तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

बघा, परत न ठेवता काढले तर क्रम धरून २० जोड्या, लाल लाल ६. क्रम सोडला तर १०, त्यात लाल लाल ३. ला१ला२ आणि ला२ला१ मिळून एक जोडी, आणि असं प्रत्येकच जोडीचं होतं, वर पण निम्मं खाली पण निम्मं, म्हणून ६/२० आणि ३/१० सारखंच. आता तिने काय केलं, तिने चेंडू परत ठेवलाय, कारण १५ मधे ला१ला१ पण असणार, तपासा. परत ठेवला की क्रम धरून २५ जोड्या होतात. त्यात ला१ला२ दोनदा येते, पण ला१ला१ एकदाच. क्रम सोडून तिने दोघींना एकेक मत दिलं. म्हणजे तिच्या १५ जोड्या खऱ्या आहेत पण समसंभाव्य नाहीत, प्रत्येकीची शक्यता सारखी नाही. १० जोड्या दुहेरी वजनाच्या आणि ५ एकेरी. वजन धरून मोजा, लाल लाल मधे ३ दुहेरी आणि ३ एकेरी, ६ अधिक ३ म्हणजे ९, खाली २५. आलं ९/२५.

आणि भांडुपच्या बाईंचा '१/३ वाला' मुलगा हेच करतोय. 'एकेक' ही शक्यता दुहेरी वजनाची आहे. पुस्तकात 'समसंभाव्य निष्पत्ती' एका व्याख्येत येते आणि सगळे पान उलटतात, पण भागाकाराचं सूत्र उभंच त्यावर आहे. दालांबेरसारखा मोठा फ्रेंच गणिती १७५४ साली विश्वकोशात लिहून गेला की दोन फेकीत निदान एक छापा येण्याची शक्यता २/३, कारण पहिल्यातच छापा आला तर खेळ संपला, म्हणजे छापा, काटा छापा, काटा काटा अशा तीनच गोष्टी. खरं उत्तर ३/४. तेव्हा लालबागच्या अकरावीतल्या मुलीने असं केलं तर तिला रागावू नका.

मार्कमास्तर
हे वाचायला छान आहे पण दहावीच्या मुलाला वजनं वगैरे सांगितलीत तर तो पेपरात तेच लिहून येईल.

आकडेमोड
मग त्याला शब्दांवरून गुणाकार पण शिकवू नका. एक फासा. घटना ए, सम संख्या, १/२. घटना बी, ३ पेक्षा मोठी, १/२. दोन्ही एकदम किती? 'आणि आलं की गुणायचं' हा मंत्र म्हणणारा म्हणेल १/४. मोजून बघा, ४ आणि ६ एवढेच, २/६ म्हणजे १/३. 'किंवा' चं पण तसंच, राजा किंवा बदाम, ४ आणि १३ मिळून १७ म्हणतात, बदामचा राजा दोनदा मोजला, खरे १६. आणि मजा अशी की राजा आणि बदाम दोन्ही विचारलं तर ४/५२ गुणिले १३/५२ बरोबर १/५२ येतं, म्हणून मुलांना वाटतं मंत्र चालतो. तिथे चालतो कारण पत्ता बदाम आहे हे कळल्याने तो राजा असण्याची शक्यता बदलत नाही, आधी पण १/१३ आणि नंतर पण १/१३. फाशात बदलते, ३ पेक्षा मोठी आली म्हटल्यावर सम असण्याची शक्यता १/२ ची २/३ होते. शब्द बघून गुणू नका, एक कळल्याने दुसरं बदललं का ते विचारा. एवढा एक प्रश्न मुलाच्या तोंडात बसला की झालं.

मार्कमास्तर
फाशाचं उदाहरण मान्य. ते वापरतो. पण एस लिहिण्याची सवय सोडू नका, तुमचं उत्तरसुद्धा शेवटी मोजूनच आलंय.

भांडुपची_बाई
मास्तर ते कोणी सोडा म्हणत नाहीये! मी तर म्हणते आधी फक्त मोजूनच करा, गुणाकार फळ्यावर आणूच नका. दोन फाशांचा ६ बाय ६ चौकटीचा तक्ता चौकटीच्या वहीत प्रत्येकाने स्वतः काढायचा. बेरीज ७ वाले चौकोन रंगवा म्हटलं की तिरकी ओळ दिसते सहा घरांची आणि २ ला एकच कोपरा. '११ प्रकारच्या बेरजा म्हणून प्रत्येकी १/११' म्हणणारा मुलगा तो तक्ता बघून स्वतःच गप्प होतो.

नाण्यांसाठी एक रुपयाचं आणि पाच रुपयाचं घ्या, पाचचं पितळी रंगाचं. दोन नाणी वेगळी दिसली की छापा काटा आणि काटा छापा या दोन गोष्टी आहेत हे सांगावं लागत नाही. मग मुलांकडून टाकून घ्या, फळ्यावर सगळ्यांचे मिळून आकडे जमा करा. वीस मुलांनी वीस वीस वेळा टाकलं तर ४०० होतात, 'एकेक' दोनशेच्या आसपास यायला लागतं. १/३ खरं असतं तर १३३ च्या आसपास आलं असतं. हा फरक इतका मोठा आहे की नशिबावर ढकलता येत नाही. गोंगाट होतो, बाजूच्या वर्गातून तक्रार येते, तरी करा.

हार्बरवाला
२३ जणांमधे दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, ते पण सांगा, मुलं वेडी होतात.

आकडेमोड
ते खरं आहे, ५०.७ टक्के. पण आधी पाच चेंडू पचू देत. ते अकरावीवाल्यांना शेवटी द्या, 'कोणाचाच जुळत नाही' वरून उलटं करायला लावा.

खडूवाला_लालबाग
सगळ्यांचे आभार, आता दिशा मिळाली. उद्या चेंडूंचंच गणित चिठ्ठ्यांनी करतो, प्रश्नात 'परत न ठेवता' ठळक लिहून. अर्धे परत ठेवणारे, अर्धे न ठेवणारे, दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडतो. आणि त्या मुलीलाच फळ्यावर बोलावतो, १५ जोड्यांपुढे कुठली दुहेरी कुठली एकेरी ते तिने लिहायचं. पण ९/२५ म्हणजे ०.३६ आणि ३/१० म्हणजे ०.३०, एका वर्गात एवढा फरक दिसेल का?

आकडेमोड
दोनशे दोनशे वेळा काढलंत तर एकीकडे ७२ च्या आसपास आणि दुसरीकडे ६० च्या आसपास यायला हवेत, पण तेवढ्यात आकडे उलटेही पडू शकतात. फरक दाखवायचाच असेल तर पिशवीत २ लाल आणि १ निळा ठेवा. परत ठेवून ४/९, परत न ठेवता १/३. दोनशेत ८९ विरुद्ध ६७, बहुतेक वेळा दिसेलच.

भांडुपची_बाई
आणि सर चिठ्ठ्या एकाच जाडीच्या कागदाच्या, एकाच मापाच्या कापा, घड्या पण सारख्या घाला. माझ्याकडे एकदा लाल चिठ्ठी कार्डशीटची आणि निळी वहीच्या पानाची होती, पोरांच्या बोटांना लगेच कळलं आणि सगळेच लाल काढायला लागले. घड्याच्या चिठ्ठ्यांपेक्षा शर्टाची एकाच मापाची बटणं मिळाली तर उत्तम, पाच दहा रुपयात दोन रंगांची भरपूर येतात, आणि कापडी पिशवी घ्या, प्लास्टिकच्या पिशवीतून दिसतं.